कागदावरचे मालक

१९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रंट आणि त्याच्या मित्रांनी बेसबॉलचे खरे खेळाडू कागदावर विकत घेऊन आपापले संघ केले. ज्या हॉटेलात बैठक जमे, त्यावरून खेळाचे नाव पडले ‘रोटिसरी’. विजेत्याच्या डोक्यावर चॉकलेटचे पेय ओतायचे, हा सन्मान.

आता अमेरिकेत असे मालक लाखोंनी आहेत. सोमवारी सामना सुरू होतो तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये, टेबलाखाली. समोर जुना मित्र. आपल्या खेळाडूंनी खऱ्या सामन्यांत काढलेल्या धावा, होमरन, चोरलेले बेस अशा दहा रकान्यांत हिशेब. मंगळवारी पिचरचे कोपर दुखावते. मालक हळहळतो, पण रकान्यासाठी. फलंदाजी आणि पिचिंग दोन्ही करणारा शोहेई ओतानी हा तसा एकच माणूस. पण काही लीगमध्ये त्याचे दोन खेळाडू केलेले असतात. फलंदाज एकाकडे, पिचर दुसऱ्याकडे. भाऊबंदकीत विहिरीचीही इतकी चोख वाटणी होत नाही.

रविवारी खरा पराक्रम. पिचिंगची सरासरी बिघडू नये म्हणून मालक आपल्या हुकमी पिचरला बाकावर बसवतो. तो बिचारा तिकडे भर मैदानात फलंदाजांची दाणादाण उडवत असतो. बाकावर असल्याचा त्याला पत्ताच नसतो. सरासरी वाचते, स्ट्राइकआउटचा रकाना जातो. निकाल पाच-पाच.

मित्राला ‘मस्त खेळलास’ असा निरोप जातो आणि त्याने सकाळी सोडून दिलेल्या कॅचरवर लगोलग दावाही ठोकला जातो.