सोळा आणे सर

भुकूममध्ये डॉक्टरपेक्षा वकिलाला, वकिलापेक्षा प्लॉटिंगवाल्याला आणि या तिघांपेक्षा ज्याला प्रिंटर दुरुस्त करता येतो त्याला मान आहे. गणित आणि कॉम्प्युटर शिकवणारे सर या चौथ्या वर्गात मोडतात. एम.एस्सी. त्यांनी गणितात केलं, पण गाव त्यांना ‘कॉम्प्युटरवाले सर’ म्हणतं. ज्याला वायर आहे तो कॉम्प्युटर, अशी गावाची सुटसुटीत व्याख्या असल्यामुळे देवळातला साउंड बसला तरी सरांना बोलावणं, आणि शेजारच्या काकूंचा व्हॉट्सअॅप रुसला तरी सरांनाच.

शाळेतही तेच. यू-डायसची माहिती भरायची, शालार्थवर पगारबिलं चढवायची, म्हणजे सर. यात अवघड काही नसतं. अवघड असतो तो ओटीपी. तो येतो हेडसरांच्या मोबाईलवर, हेडसर असतात पौडला मीटिंगला आणि मोबाईल असतो घरी चार्जिंगला. मग सर वहिनींना फोन लावतात. वहिनी चष्मा शोधतात. चष्मा सापडेपर्यंत ओटीपीचं आयुष्य संपतं. या धावपळीत एखादा तास मिळालाच, तर सर शिकवूनही घेतात.

अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स हा बायफोकल विषय. तो पोरं का घेतात, हे सरांना पक्कं ठाऊक आहे : बायोलॉजीतून सुटका होते आणि एक भाषाही जाते. ‘एका दगडात दोन पेपर,’ असं सर स्वतःच म्हणतात. वर्षानुवर्षं त्यांनी ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर शिकवला. त्याचा जन्म १९७६चा, म्हणजे वर्गातल्या बहुतेकांच्या आईबापांपेक्षा थोरला. खिशात त्याच्या हजारो पटींनी हुशार फोन दडवून पोरं या म्हाताऱ्याची रजिस्टरं पाठ करत, आणि फोन सापडला की सर तो जप्त करून स्टाफरूममध्ये त्याच्यावर शालार्थचं लॉगिन करून बघत. रेंज चांगली असते, असं त्यांचं निरीक्षण आहे.

सरांचं दैवत म्हणजे देवळालीचे कापरेकर. तेही शाळामास्तर, १९३० ते १९६२. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला कळलं, की देवळालीत असा एक माणूस आहे. कापरेकरांचा ६१७४ सर भूगावच्या कोंडीत सिद्ध करतात. पुढच्या गाडीची नंबरप्लेट घ्यायची. समजा, ३५२४. आकडे उतरत्या क्रमाने मांडायचे, चढत्या क्रमाने मांडायचे, वजाबाकी : ५४३२ वजा २३४५, ३०८७. पुन्हा तसंच, ८३५२. पुन्हा, ६१७४. कुठलीही प्लेट घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं. भूगाव मात्र येत नाही. अपवाद एकच, चारही आकडे सारखे असले तर उत्तर शून्य. आणि मुळशी तालुक्यात जो तो तसलाच नंबर घ्यायला बघतो.

चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्री सहाशे किलो स्फोटकं लावून उडवला आणि तो पुरता पडलाच नाही, उरलेला मशीन लावून तोडावा लागला, तेव्हा सरांनी वर्गात निकाल दिला होता : ‘उत्तर चुकलं, पण पायऱ्यांचे मार्क द्यायला हवेत.’

पण सरांचा खरा कस लागतो जमिनीत. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १०८९ चौरस फूट. मोजणीची जुनी साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. हे तलाठ्यालाही माहीत असतं. सरांना मात्र त्या १०८९चंच वेड. परवा दोन भाऊ रस्त्याकडेच्या नऊ गुंठ्यांवरून हातघाईवर आले, तेव्हा सरांना बोलावलं.

‘नऊ गुंठ्याचं फूट किती, सर?’

‘नऊ हजार आठशे एक!’ सरांचा चेहरा उजळला. ‘आणि गंमत बघा तात्या, एक हजार एकोणनव्वद उलटा वाचला की तोच आकडा!’

‘उलटं वाचून कुणाच्या वाट्याला किती, ते सांगा.’

‘चार हजार नऊशे आणि अर्धा. प्रत्येकी.’

तात्या थबकले. ‘अर्धा माझ्याकडं?’

‘हो.’

‘आन् अर्धा त्याच्याकडं?’

‘हो.’

‘म्हंजे एक झाला की. तो एक फूट कुणाचा?’

सरांनी अपूर्णांक समजावला, खडूच्या जागी काटकी घेऊन मातीत आकृती काढली. धाकटा म्हणाला, आकृतीत त्याचा अर्धा थोरल्याच्या अर्ध्याहून लहान दिसतोय. तेवढ्यात ७७७७ नंबरची काळी गाडी थांबली. उतरला तो सरांचा माजी विद्यार्थी. गणितात चौतीस मिळाले होते, सरांनी एक ग्रेस देऊन वर ढकलला होता. आता प्लॉटिंग करतो.

‘त्या एका फुटात ड्रेनेजचा पाइप टाका तात्या, दोघांचा.’

भांडण मिटलं. सरांना पायऱ्याही दिसल्या नाहीत.

‘सर, तुम्हीबी घ्या की दीड गुंठा. सोळाशे साडेतेहतीस फूट.’ नवाचा पाढा कधी न आलेल्या पोराने हे पापणी न हलवता सांगितलं. ‘तुमच्यासाठी रेट वेगळा.’

रेट ऐकून सरांनी मनातल्या मनात हप्ते मांडले. ‘कर्ज फिटेल तेव्हा मी एक्याण्णव वर्षांचा असेन.’

‘मग काय, पेन्शन असंलच की!’

‘जुनी पेन्शन नोव्हेंबर दोन हजार पाचच्या आधी लागलेल्यांना. मी सहाच्या जूनमध्ये लागलो.’

पोरगा मनापासून हळहळला. ‘थोडक्यात गेलं की सर! तुमच्यात ग्रेस नसते का?’