सरकारमान्य मृगया

हरणाची शिकार बंदुकीने करतात असा ज्यांचा समज आहे, त्यांनी एकदा कोलोरॅडोत येऊन राहावं. इथे शिकार सुरू होते ती एप्रिल महिन्यात, संगणकासमोर बसून, अर्ज भरून. हरणाचे परवाने मोजके आणि ते सोडतीने निघतात. कुठलं जनावर, नर की मादी, राज्यातला कोणता विभाग, रायफलच्या चार हंगामांपैकी कोणता, हत्यार काय, हे सगळं मिळून आठ अक्षर-आकड्यांचा एक कोड होतो. त्यातला एखादा आकडा इकडचा तिकडे झाला, की माणूस भलत्याच डोंगरावर, भलत्याच महिन्यात, भलत्याच लिंगाच्या हरणामागे अगदी कायदेशीरपणे फिरू लागतो. नंबर लागला नाही तर एक ‘प्रेफरन्स पॉइंट’ पदरात पडतो. असे पॉइंट साठवत लोक वर्षानुवर्षं बसलेले असतात. म्हाडाच्या सोडतीत ज्यांनी अर्ज भरलेत त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की इथे नंबर लागला तरी नऊच दिवस राहायला मिळतं, आणि तेही तंबूत.

हा नाद माझा नव्हे, शेजारच्या पाटलांचा. त्यांचं खरं नाव अर्थातच पाटील नाही. पण पांढऱ्या झुपकेदार मिशा, चिखलाने माखलेली पिकअप आणि दोन गल्ल्या ऐकू जाणारा आवाज, एवढं भांडवल असलेल्या माणसाला आम्हां कोल्हापूरकरांच्या घरात दुसरं काय म्हणणार? पाटलांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे शिकारीचा परवाना काढण्याआधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम करावा लागतो. पाटील त्याच्या आधीचे. म्हणजे सरकारच्या मते ते शिकूनच जन्माला आले. हे मत पाटलांचंही आहे.

गेल्या खेपेला त्यांचा नंबर लागला तो गनिसनच्या बाजूला, ऑक्टोबरअखेरच्या दुसऱ्या हंगामासाठी. त्यांच्या नेहमीच्या जोडीदाराचा गुडघा बदललेला असल्यामुळे मांस वाहायला माणूस हवा होता. कोल्हापूरचा आहे म्हणजे अंगात ताकद असणार, हा समज मी स्वतःच एका बार्बेक्यूत पसरवून ठेवला होता. अर्ज भरल्याशिवाय नंबर न लागणाऱ्या या खेळात माझी मात्र बिनअर्ज निवड झाली.

घरून दोन आक्षेप आले. आईने फोनवर एवढंच विचारलं, “हरीण? अरे, कोर्टात जाशील!” एका काळविटापायी आपल्याकडे किती वर्षं तारखा पडतात हे तिने टीव्हीवर पाहिलेलं. बायकोचा आक्षेप जास्त मूलभूत होता. दुसरा हंगाम आणि दिवाळी एकाच आठवड्यात येत होती. मी पंचवटीचा दाखला देऊन पाहिला, मृगामागे जाण्याची आपली परंपरा फार जुनी आहे वगैरे. ती म्हणाली, “रामाला सीतेने पाठवलं होतं. तुम्हाला कोणी पाठवलंय?” याचं उत्तर वाल्मीकींकडेही नसेल. शेवटी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरी परतायचं, या अटीवर सुटका झाली, आणि वर फराळाचे डबे मिळाले.

यात खरी गंमत ही, की हरणं आमच्या दारातच होती. कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये म्यूल डियर, म्हणजे खेचरासारख्या मोठ्या कानांची हरणं, कॉलनीतून पेन्शनरांसारखी सकाळ-संध्याकाळ हिंडतात. वसंतात ट्युलिप खातात, ऑक्टोबरात हॅलोविनसाठी पायरीवर मांडलेले भोपळे खातात. पाटील बंदूक, तंबू, शेगडी गाडीत भरत असताना एक भरदार शिंगांचा नर त्यांच्याच अंगणात उभा राहून त्यांचाच भोपळा चावत सगळी तयारी पाहत होता. शहरात गोळी झाडता येत नाही, आणि परवाना दुसऱ्या विभागाचा. त्याला खायला घालणंही बेकायदा आहे, पण तो चोरून खात असेल तर त्याच्यावर कलम नाही. पाटलांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने पाटलांकडे पाहिलं, आणि आम्ही दुसऱ्या हरणाच्या शोधात अडीचशे किलोमीटरवर निघालो.

निघण्याआधी कपड्यांची तपासणी झाली. रायफलवाल्या शिकाऱ्याने कमरेच्या वर ५०० चौरस इंच झळझळीत नारिंगी रंग घालायचा आणि डोक्यावरही त्याच रंगाचं काहीतरी, असा इथला कायदा आहे. बायकोने हिशेब करून सांगितलं, की हे अर्धा ब्लाउजपीसही होत नाही. २०१६ पासून गुलाबीही चालतो. चालणारा गुलाबी म्हणजे आपला राणी कलर, त्यापेक्षा फिका नको. मी नुसता हमाल असल्यामुळे मला हे लागू नव्हतं, पण पाटलांच्या कायद्यात होतं. हरणांना नारिंगी रंग धड दिसत नाही. निळा मात्र चांगला दिसतो. त्यामुळे माझी जीन्स नामंजूर झाली. मग त्यांनी शर्टाचा वास घेतला. कपडे पांढरेशुभ्र करणारी टिनोपॉलच्या जातीची पावडर हरणांच्या डोळ्यांना चमकते, असं शिकारी लोक मानतात. तेवढ्यापुरतं ठीक होतं. पण माझं जाकीट स्वयंपाकघराशेजारच्या कपाटात असतं, आणि त्यात कित्येक वर्षांची लसणाची फोडणी मुरलेली. पाटील म्हणाले, “हे जाकीट वाऱ्याच्या खालच्या बाजूला राहील. तूही राहशील.”

वारा हा डोंगरातला खरा शिकारी. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते. ऊन चढलं की तीच वर चढू लागते. म्हणून सकाळी वरून खाली पाहत बसायचं नाही, आपला वास थेट हरणाच्या नाकात जातो. आधी काळोखात एका बाजूने चढायचं, ऊन आल्यावर जागा बदलायची. ऐकायला सोपं आहे. आमचं कोलोरॅडो स्प्रिंग्जमधलं घरच १८०० मीटरच्या वर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून उंच. गनिसनला जाताना लागणारी मोनार्क खिंड ३४४८ मीटर. तंबू लावला तिथे रात्री पाण्याच्या बाटलीचा दगड होई. सत्तरी उलटलेले पाटील त्या उंचीवर बोलत बोलत चढत होते, आणि मी मराठी माणसाला न शोभणारी शांतता पाळत मागून येत होतो.

नरकचतुर्दशीला लहानपणापासून पहाटे उठवलं गेल्याचा मला प्रथमच उपयोग झाला. चारला तंबूबाहेर आलो तर अमावास्येच्या तोंडचं काळं आकाश, आणि समोर दक्षिणेला डोंगराच्या वर मृग नक्षत्र. पाटलांनी बोट दाखवलं, “तो ओरायन. शिकारी. ते तीन तारे त्याचा कमरपट्टा.” मी सांगितलं, आमच्याकडे ते हरीण आहे. ते तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण, आणि मारणारा तो खाली डावीकडे चमकतोय, व्याध. पाटील बराच वेळ मान वर करून पाहत राहिले. मग म्हणाले, “बाण फार मागे लागलाय. पोटात. असं जनावर मैलोन् मैल पळतं. म्हणूनच तुमच्या माणसाला ते अजून मिळालेलं नाही.”

आता शिकारीबद्दल. शिकार म्हणजे बसणं. तिपाईवर दुर्बीण लावून समोरचा उतार कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहायचा, संपला की पुन्हा पहिल्यापासून. अख्खं हरीण शोधायचं नसतं. एखादा कान हलतो का, झाडांच्या उभ्या रेघांत एखादी आडवी रेघ दिसते का, पांढरट ढुंगण चमकतं का, एवढंच. हिवाळ्याच्या तोंडावर या हरणांचा रंग इतका करडा होतो, की पहिल्या दिवशी मी बरेच नर हेरले आणि ते सगळे खडक निघाले. पाटलांनी शांतपणे एकेका खडकाकडे पाहिलं आणि कोणालाही गोळी घातली नाही. दुपारी मी चकली काढली. त्या शांततेत चकली मोडल्याचा आवाज काय होतो हे भाजणी करणाऱ्या बाईला कधी कळणार नाही. दरीपलीकडून दोन माद्या झुडपांतून उठल्या, आणि चारही पाय एकदम उचलून आपटत, रबरी चेंडूगत उसळ्या मारत निघून गेल्या. त्या दिवसापासून आमच्या तळावर सूर्योदयापूर्वीच्या अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासापर्यंत, म्हणजे कायदेशीर शिकारीच्या वेळेत, फक्त बेसनाचे लाडू खायची परवानगी होती. लाडू हे डोंगरासाठीच बनलेलं अन्न आहे. पाटलांनी पहिला संशयाने खाल्ला. पुढचे विचारलंसुद्धा नाही.

गोळी कशी झाडली गेली याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ऊन चढल्यावर आम्ही जागा बदलली, पलीकडच्या कड्याखाली एक नर उठून उभा राहिला, पाटील आडवे झाले, एक आवाज झाला. पाटलांनी टोपी काढली आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. मीही नाही.

आणि मग पुन्हा कागद. आधी परवान्याच्या पावतीवर सही आणि ती जनावराला बांधायची. मग नर असल्याचा पुरावा मांसाला निसर्गतः जोडलेला राहिला पाहिजे. कोणता पुरावा हे सुज्ञांस सांगणे न लगे. पण तो सांभाळत पाय सोलणं हे बारीक काम आहे, आणि तंगडी धरणाऱ्याने त्या वेळी हसायचं नसतं. खाण्याजोगं मांस डोंगरात टाकून येणं हा गुन्हा, त्यामुळे सगळं मांस खाली आणणं भाग. हाच तो क्षण, ज्यासाठी मला आणलं होतं.

तो भाग ‘वाइल्डरनेस’. अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने राखलेल्या अशा रानात मोटार नाही, सायकल नाही, करवतीचं मशीन नाही, एकचाकी हातगाडीसुद्धा नाही. घोडा चालतो. आमच्याकडे घोडा नव्हता, मी होतो. कीड लागून वाळलेल्या स्प्रूसची खोडं उतारावर एकमेकांवर आडवी पडलेली. त्यांवर आधी बर्फ, मग माझा पाय, मग पाठीवर हरणाची मागची बाजू. पाटील पुढे शिंगं घेऊन चालत आणि दर वळणावर सांगत, की आता सपाटी आलीच. सपाटी आली तेव्हा काळोख पडून बराच वेळ झाला होता. दुसऱ्या दिवशी उरलेल्यासाठी पुन्हा वर. लक्ष्मीपूजनाला मी घरी पोचलो, पण पाटावर बसलेला पुन्हा उठू शकलो नाही.

पाटलांना जगातला कुठलाही कर मान्य नाही, एक सोडून. रायफलींवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर असतो, आणि १९३७ च्या एका कायद्याने तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. परतीच्या वाटेवर पाटलांनी मला हे दोनदा सांगितलं; काडतुसाची पेटी घेताना आपण हरणांची फी भरतो म्हणाले. एके काळी इथे मांस आणि कातडी विकण्यासाठी बेसुमार हरणं मारली जात. आता शिकारीचं मांस विकणंच बेकायदा आहे. खा किंवा वाटा. आमच्या कोल्हापुरात संस्थानच्या काळी चित्ते पाळून काळविटांची शिकार होत असे. ती पाहिलेल्यांच्या आठवणी ऐकतच मी मोठा झालो. राजांची शिकार होती, थाट होता. भारतातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष म्हणून जाहीर झाला, आणि १९७२ च्या कायद्याने आपल्याकडची शिकारच थांबली. मला विचाराल तर थाटाच्या शिकारीपेक्षा ही आठ आकड्यांच्या कोडवाली, बसड्रायव्हरची शिकार बरी. हिच्यात हरणाला संधी असते, आणि माणसाच्या गुडघ्यांना नसते.

पाटलांनी मला एक मागची तंगडी दिली. घरात ती शिजवण्याची घाई झाली, पण पाटलांनी हरणाचं मुंडकं तपासणीला दिलं होतं. हरणांना क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा, मेंदू पोखरणारा रोग होतो. तो पहिल्यांदा ध्यानात आला तोही इथेच, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला, १९६७ मध्ये. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, तरी बाधित जनावर खाऊ नका असं आरोग्यखात्याचं सांगणं. त्यामुळे तंगडी फ्रीजरमध्ये आणि आम्ही ईमेलकडे डोळे लावून. निकाल चांगला लागला.

तेव्हा तुमच्यापैकी परदेशी राहणाऱ्या कोणाला शेजाऱ्याने हरणाचं मटण दिलंच, तर आधी तपासणीचा निकाल विचारा. या मांसाला चरबी जवळजवळ नसतेच, म्हणून फोडणीला तेल हात सैल सोडून घाला. आलं-लसूण लावून रात्रभर ठेवा, कांदा-लसूण मसाल्यात कंजुषी नको, आणि बोकडापेक्षा जरा जास्त वेळ शिजवा. देणाऱ्याला जेवायला बोलावणार असाल तर आधी पांढरा रस्सा वाढा. तांबडा आधी दिलात तर तो पुढच्या हंगामाबद्दल काही बोलू शकणार नाही. आणि तुम्हाला तेच हवं असेल, तर तांबडाच आधी द्या.