हलक्या फ्लायव्हीलचे गृहस्थ

गाडीला स्पॉयलर लावणाऱ्याचं एक बरं असतं, त्याला काही बोलावं लागत नाही. अलॉय व्हील्सवाल्याचंही तेच. मोठा सायलेन्सर लावणारा तर स्वतः दिसायच्या आधीच गल्लीभर पोहोचलेला असतो. हलकं फ्लायव्हील बसवून घेणाऱ्या गृहस्थांची मात्र मोठी पंचाईत होते. त्यांनी पैसे ओतलेली वस्तू इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध, बेल हाउसिंगच्या पोटात कायमची गाडून टाकलेली असते. ती कुणाला दिसत नाही, बॉनेट उघडूनही दाखवता येत नाही. म्हणून सांगावी लागते. आणि ते सांगतात.

हे गृहस्थ पुण्यात हमखास सापडतात. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी हिंजवडीला नाहीतर चिंचवडला, आणि गाडी पहिल्या पिढीची होंडा सिटी, 1.5 व्हीटेक. 2000 साली 106 हॉर्सपॉवर घेऊन आलेली ही सिटी म्हणजे त्यांच्या लेखी मोटारींचा शेवटचा शब्द. त्यानंतर कंपन्यांनी नुसते पडदे आणि कॅमेरे विकले. गाडीची पंधरा वर्षं कधीच उलटली. दर पाच वर्षांनी आरटीओत रांग लावून ते तिचं पासिंग करून आणतात. घरात दुसरी गाडी नाही. म्हणजे ज्या गाडीतून आईला दवाखान्यात न्यायचं, मुलीला क्लासला सोडायचं आणि शनिवारी मंडईत जायचं, त्याच गाडीत शर्यतीच्या गाडीचा भाग.

“फ्लायव्हील म्हणजे काय हो?” असं लग्नाच्या पंगतीत कुणी चुकून विचारलं, की मठ्ठ्याची वाटी बाजूला सरते. कुंभाराचं चाक जड का असतं, इथून सुरुवात. काठीनं एकदा फिरवलं की ते स्वतःच्या वजनावर फिरत राहतं, मडकं होईपर्यंत दम धरतं. इंजिनाचंही तसंच. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांनी आयडलिंग करत असताना सेकंदाला साधारण 27 स्फोट होतात. दोन स्फोटांच्या मधल्या काळात पिस्टनला हवा दाबायला लागणारा जोर क्रँकशाफ्टच्या टोकाला बोल्टनं आवळलेली ही ओतीव लोखंडी तबकडी पुरवते. कंपनी ती सात-आठ किलोंची देते, कारण कंपनीला सगळ्यांना गाडी विकायची असते. “सगळ्यांना” हा शब्द ते जरा कीव आल्यासारखा उच्चारतात.

आता समोरचा पाहुणा इंजिनिअर निघाला तर पंचाईत, कारण तो एकच प्रश्न विचारतो: “पॉवर वाढते का?”

पॉवर वाढत नाही. हे त्यांनाही पक्कं ठाऊक असतं. हलक्या तबकडीमुळे इंजिन लवकर चढतं आणि लवकर उतरतं, एवढंच. फ्लायव्हीलला गती देण्यात जी ताकद खर्च व्हायची ती थोडी वाचते. त्यामुळे रोलर फिरवून मोजणाऱ्या डायनोवर एक-दोन हॉर्सपॉवर जास्त दिसतात. तो आलेख लॅमिनेट करून ग्लोव्ह बॉक्समध्ये, पीयूसीच्या कागदाशेजारी ठेवलेला असतो. ट्रॅफिक हवालदारानं कागद मागितले की एखाद्या वेळी तोच आधी बाहेर येतो.

त्यांचा हिशेब मात्र खोटा नाही, हे कबूल करायला हवं. तबकडीच्या कडेचा, म्हणजे मध्यापासून साधारण 12 सेंटिमीटरवरचा दोन किलो माल काढला, तर पहिल्या गिअरमध्ये वेग घेताना गाडीचं वजन 75 किलोंच्या आसपास उतरल्यासारखं वाटतं, कारण गिअरच्या गुणोत्तराचा तिथे वर्ग होतो. पाचव्या गिअरमध्ये हाच फायदा तीन-साडेतीन किलोंवर येतो. पहिला आकडा ते सगळ्यांना सांगतात. दुसरा आकडा एकदा त्यांच्या बायकोनं काढला. पुढे ती असंही म्हणाली, की अरे, गाडीत माझा भाऊ नाही बसला तरी पहिल्या गिअरला तेवढाच फरक पडेल, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

गिअरबॉक्स मात्र उतरवावाच लागतो, आणि खरा खर्च तिथे आहे. तो खाली आला की मिस्त्री हात पुसत गॅरेजमधलं सर्वांत महागडं वाक्य बोलतो, “साहेब, आता उघडलंच आहे तर...” मग क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील, सगळं नवीन. तबकडी भोसरीच्या एखाद्या लेथवर जाते. तिथला टर्नर ती हातात घेऊन उलटसुलट करतो, खडूनं एक गोल काढतो आणि विचारतो, “हे बारीक कशाला करायचं?” ते समजावतात. टर्नर शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, “बॅलन्सिंगचे वेगळे पडतील.”

बॅलन्सिंगचे पैसे वाचवणारा या जमातीत टिकत नाही. 7,000 फेऱ्यांना त्या तबकडीची कडा ताशी सुमारे 340 किलोमीटरनं फिरत असते. गाडी त्या वेळी सिंहगड रस्त्यावर 12 च्या वेगानं का चाललेली असेना. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. जास्त कातलेली तबकडी फुटली तर आडव्या बसवलेल्या इंजिनात तिचे तुकडे चालकाच्या पायांच्या दिशेनं यायला मोकळे असतात. म्हणून शर्यतवाले तिथे घडीव पोलादाचीच तबकडी वापरतात. आपले गृहस्थ हे जाणतात आणि शेवटी पोलादीच घेतात. कातून आणलेली ओतीव तबकडी मग बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली जाते.

खरी मजा सोमवारी सुरू होते. सिग्नल सुटतो, ते क्लच सोडतात, आणि पूर्वी ज्या जड तबकडीनं त्यांची चूक निमूटपणे झाकली असती ती आता तिथे नसते. गाडी एक आचका देते आणि बंद. मागून हॉर्न. मग जास्त रेस देऊन, हाफ क्लचवर, इंचाइंचानं पुढे. एसीचा कॉम्प्रेसर लागला की आयडलिंग डगमगतं, आरसा थरथरतो आणि मागच्या गाडीतली माणसं दोन-दोन दिसतात. उपाय म्हणून आयडलिंग 1,000 वर नेलं, तर पेट्रोल जास्त. दोन वर्षांनी क्लच प्लेट जळते. ते म्हणतात, “प्लेटचा दर्जाच घसरलाय हल्ली.” मागच्या सीटवरून आई विचारते, “अरे, पुन्हा बंद पडली का?” त्यावर उत्तर तयार असतं: पोर्शची करेरा जीटीसुद्धा बंद पडायची! पोर्शमध्ये कधीच न बसलेल्या आईला त्यातून काय दिलासा मिळतो कोण जाणे. तोंडी लावायला लेक्सस एलएफए असतेच: इंजिन इतकं चटकन चढायचं की काट्याला ते झेपेना, म्हणून कंपनीनं डिजिटल मीटर बसवला.

रविवारी पहाटे मात्र त्यांना हसू नये. ताम्हिणीच्या वळणावर तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना ते टाचेनं रेस देतात, इंजिन तत्क्षणी वर येतं, गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडतो आणि गाडी जराही धक्का न देता वळण घेते. त्या अर्ध्या सेकंदात त्यांचं सगळं म्हणणं शंभर टक्के खरं असतं. अडचण एवढीच की तो अर्धा सेकंद पाहायला शेजारी कुणी नसतं. घरची मंडळी झोपलेली असतात, आणि मित्र एकदा येऊन गेलेला असतो.

कायद्याचा विषय निघाला की ते आवाज खाली आणतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल त्यांना तोंडपाठ असतो: मूळ बनावटीत फेरफार चालणार नाही. “पण हे बाहेरून दिसत नाही ना,” ते म्हणतात. इतकी वर्षं ज्या गोष्टीचं दुःख केलं, ती इथे कामी येते.

शेवटी मुलगी गाडी शिकण्याच्या वयाची झाली आणि सिटी विकायला काढली. साताऱ्याहून एक मुलगा काकांना घेऊन आला. सोसायटीच्या फाटकापर्यंत जाईस्तोवर गाडी तीनदा बंद पडली.

“क्लच जरा अलगद सोडायचा,” गृहस्थ म्हणाले.

“इंजिन काम मागतंय,” काका म्हणाले आणि पंधरा हजार कमी केले.

गृहस्थांनी श्वास घेतला आणि कुंभाराच्या चाकापासून सुरुवात केली. काकांनी सगळं ऐकून घेतलं, पुतण्याकडे पाहिलं आणि आणखी पाच हजार कमी केले.