शिरगणतीचा गड

शैक्षणिक सहल हा महाराष्ट्रातील शाळांमध्ये दिवाळीच्या सुट्टीनंतर उगवणारा आणि जानेवारीअखेर मावळणारा विधी असून, परवानगीच्या अर्जापासून एस. टी.च्या निम्म्या भाड्याच्या सवलतीपर्यंत सर्वत्र ‘शैक्षणिक’ हे विशेषण लावावे लागत असल्यामुळे वॉटर पार्कच्या वाटेवर एखादा किल्ला असणे अनिवार्य ठरते. रायगडाची निवड पुष्कळदा याच न्यायाने होते. पत्रकात पहाटे पाचला प्रस्थान, पालीच्या बल्लाळेश्वराचे दर्शन, रायगड, वॉटर पार्क आणि रात्री शाळेच्या फाटकाशी मुले पालकांच्या स्वाधीन, असा क्रम दिलेला असतो. त्यात 6 जून 1674 रोजी जेथे राज्याभिषेक झाला त्या राजधानीच्या वाट्याला अडीच-तीन तास येतात आणि त्यांतला बराचसा वेळ रांग, डबा व शिरगणती यांत जातो.

शिरगणती म्हणजे बसमधून उतरल्यावर, रोपवेच्या पाळण्यात बसण्यापूर्वी, पाळण्यातून उतरल्यानंतर आणि पुन्हा जेवणाच्या आधी व नंतर मुले मोजण्याची क्रिया. सहलीवरील शिक्षकाच्या दृष्टीने गडावर पाहण्याजोगी गोष्ट एकच, ती म्हणजे रांगेतला शेवटचा विद्यार्थी. आणि यात शिक्षकाला दोष देता येणार नाही, कारण परतल्यावर त्याला रायगड कोणी बांधला हे कोणी विचारणार नसून, जेवढी मुले नेली तेवढी आणली का, एवढेच विचारले जाणार असते.

रोपवे 1996 मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी सुमारे दीड हजार पायऱ्या चढण्याखेरीज इलाज नव्हता आणि त्या चढणीत, मोठमोठ्या बुरुजांच्या कवेत लपल्यामुळे अगदी जवळ जाईपर्यंत न दिसणारा महादरवाजा अचानक समोर येत असे. शत्रूला नेमके कोठे गाठायचे याचा विचार त्या वळणात दगडात मांडलेला आहे. आता चार-पाच मिनिटांत थेट माथ्यावर उतरणाऱ्या विद्यार्थ्याला हा दरवाजा भेटतच नाही, त्यामुळे ‘गड दुर्गम होता’ हे पाठ्यपुस्तकातील विधान त्याला गुरुजनांची अतिशयोक्ती वाटते.

माथ्यावरची पहिली तक्रार महाल दिसत नसल्याची असते. मालिकांतील झुंबरे व मखमली पडदे डोळ्यांत साठवून आलेल्या मुलांना येथे जोती, म्हणजे इमारतींचे उंचावलेले दगडी चौथरे, तेवढी दिसतात. मे 1818 मध्ये इंग्रजांनी तोफांचा मारा करून गड घेतला तेव्हा वाड्यांचा लाकडी भाग जळून गेला, हे दोन वाक्यांत सांगता येण्याजोगे आहे. परंतु दुसरे वाक्य सुरू होण्याच्या सुमारास शिट्टी वाजते. राजसदरेवरही तीच गत होते. नगारखान्याच्या दारात कोणी कुजबुजले तरी सिंहासनाच्या जागी ऐकू येते, असा या दरबारी जागेचा लौकिक असून मार्गदर्शक तो प्रयोग हौसेने करून दाखवतात. प्रयोगास लागणारी शांतता मात्र दीडशे मुलांच्या सहलीत कोणत्याही दराने उपलब्ध होत नाही.

उरलेला इतिहास तीन गोष्टींत आटोपतो: टकमक टोकावरून होणारा कडेलोट, म्हणजे गुन्हेगाराला कड्यावरून लोटण्याची शिक्षा, बाळासाठी कडा उतरून गेलेली हिरकणी, आणि घोड्यावर बसूनच बाजारपेठेत होणारी खरेदी. यांतील आख्यायिका किती व इतिहास किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी टकमक टोकाची लोकप्रियता निर्विवाद आहे, कारण तेथे वर्गातील कोणाला लोटावे यावर तत्काळ एकमत होते. याउलट जगदीश्वराच्या मंदिरापाशी जो संस्कृत शिलालेख आहे, त्यात गडाची बांधणी करणाऱ्या हिरोजी इंदुलकर यांनी आपल्या कामांची यादी दिली असून, वापी, कूप व तडाग, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आड आणि तलाव, यांचा उल्लेख गजशाळा व राजवाड्यांच्याही आधी केला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर उंचीवर, पावसाळ्यातील चार महिन्यांच्या पाण्यावर राजधानी वर्षभर नांदवायची होती, हे ज्याला कळत होते त्याची ही यादी आहे. सहलीतील मुलांना या विषयाची जाणीव होते ती बाटलीतील पाणी संपल्यावर, आणि तेव्हाही गंगासागर तलावाकडे न पाहता ती सरबताच्या गाडीकडे धावतात.

गड कसा पाहावा याचा जुना नमुना उपलब्ध नाही असे नव्हे. राज्याभिषेकास आलेला इंग्रज वकील, म्हणजे कंपनीचा दूत, हेन्री ऑक्झिंडेन याला दारात हत्ती दिसले तेव्हा ते इतक्या वर आणले कसे असतील, असा प्रश्न पडला आणि तो त्याने लिहून ठेवला. (त्याच्या मंडळींनी मुक्कामात इतके मांस फस्त केले की ही गिऱ्हाइके पाहण्यासाठी म्हातारा खाटीक गड चढून आला, अशी नोंद जॉन फ्रायर या प्रवाशाने केली आहे, तेव्हा गडावर जाऊन आधी पोटाचे पाहण्याचा दोष केवळ आजच्या पुरी-भाजीच्या डब्यांवर टाकणे अन्यायाचे होईल.) सहलीनंतरच्या ‘मी पाहिलेला किल्ला’ या निबंधात मात्र असा प्रश्न क्वचितच आढळतो, कारण हा निबंध निबंधमालेच्या पुस्तकात सहलीपूर्वीच लिहून तयार असतो.

तरी मुख्याध्यापकांनी पुढील हंगामाच्या पत्रकातून एक ठिकाण वगळावे, वाचलेला वेळ पायऱ्यांना आणि गंगासागराच्या काठाला द्यावा. आणि वगळायचे ठिकाण कोणते, याचा निर्णय विद्यार्थ्यांच्या मतदानावर सोपवू नये.