संयमाचा तास आणि उसाची ट्रॉली

श्रीपुरात मुलांना एकाग्रता शिकवायची असेल, तर ती दिवाळीच्या आत उरकून घ्यावी. श्रीपूर हे साखर कारखान्याभोवती वाढलेलं गाव. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढलं, पुढं इथं कारखाना उभा राहिला, आणि घड्याळाचं काम भोंग्याकडं गेलं. बॉयलर पेटला की एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, आणि वर गाणं असं की हातातला खडू थरथरावा.

मी फळ्यावर ‘मनाची एकाग्रता’ लिहितो, तोवर अख्खा वर्ग मनानं ट्रॉलीवर चढलेला असतो. ट्रॅक्टर कुणाचा, ट्रॉल्या भरलेल्या की रिकाम्या, गतिरोधकाशी किती कांडी ओढून होतील, हे शेवटच्या बाकावरचा पोरगा नुसत्या आवाजावरून सांगतो. एकाग्रता भरपूर आहे. फक्त ती माझ्या विषयात नाही.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग कळला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्डच्या बालवाडीत त्यांनी पोरांपुढं खाऊ ठेवला : आता खाल्लास तर एक, थांबलास तर दोन. मी उसाचं कांडं टेबलावर ठेवून तेच सांगितलं. वर्गात शांतता. मग एक हात वर आला.

“सर, दुसरं कांडं नक्की देणार ना? का बघू म्हणणार पुढच्या हंगामाला?”

पोरगं ऊसवाल्याचं होतं. स्टॅनफर्डची पोरं पंधरा मिनिटं थांबली तर जगभर नाव झालं. याचा बाप आडसाली ऊस लावून सोळा-अठरा महिने थांबतो, मग तोडणीच्या टोळीसाठी थांबतो, मग बिलासाठी. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार पैसे चौदा दिवसांत मिळायला हवेत, हे त्या घरात पाढ्यांच्या आधी पाठ होतं. अशा घरातल्या पोराला मी संयम शिकवणार!

त्याची शंका मात्र शास्त्राला धरून होती. २०१३ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या संशोधकांनी काही पोरांना आधी थापा मारल्या, काहींना दिलेला शब्द पाळला. थापा ऐकलेली सरासरी तीन मिनिटं थांबली, शब्द पाळलेली बारा. म्हणजे पोरांचा संयम मोठ्यांच्या जिभेवर अवलंबून.

मिशेल यांच्याकडची जी पोरं टिकली, त्यांनीही दात-ओठ खाल्ले नव्हते. त्यांनी डोळे झाकले, गाणी म्हटली, खाऊकडं पाठ फिरवली. ते वाचून मी बाकांची तोंडं भिंतीकडं केली. पोरं आता फळा बघतात. खिडकी माझ्यासमोर आलीये, त्यामुळं ट्रॉल्या मोजायचं काम माझ्याकडं आलंय.

तेव्हा पालकहो, मोबाईल समोर ठेवून ‘हात लावू नकोस’ म्हणू नका. तो नजरेआड ठेवा. आणि दुसरं कांडं कबूल केलं असेल, तर ते वेळेवर द्या. संयमावरचं भाषण मात्र पोरं ऐकत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.