दिवस पाळायचा तर पुस्तक बाहेर काढा

२७ फेब्रुवारीला उजाडायच्या आत फोनवर कुसुमाग्रज हजर होतात. भाषादिनाच्या शुभेच्छा इकडून येतात, तिकडे जातात आणि रात्री फोनमध्ये जागा नाही म्हणून पुसल्या जातात. त्या पाठवणाऱ्या कितीतरी घरांत काचेच्या कपाटात ‘विशाखा’ असते, ‘नटसम्राट’ असतं. ती पुस्तकं त्या दिवशीही जागची हलत नाहीत. माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्या नावाने दिवस पाळायचा, त्याचं एक तरी पुस्तक त्या दिवशी आपला उंबरठा ओलांडून दुसऱ्याच्या घरात गेलं पाहिजे. ते गेलं नसेल तर दिवस पाळला असं म्हणू नये.

१५ ऑक्टोबरचंही तेच. डॉ. कलाम २०१५ च्या जुलैत गेले आणि त्याच वर्षापासून राज्यात त्यांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन झाला. हेतू उत्तम. पण कित्येक शाळांत होतं काय? कपाटाचं कुलूप निघतं, मुलं पुस्तक छातीशी धरून रांगेत उभी राहतात, फोटो निघतो आणि पुस्तकं मोजून परत आत जातात. वाचायची सवय लागायची तर पुस्तक दप्तरातून घरी गेलं पाहिजे, रात्री उशाशी राहिलं पाहिजे. पुस्तक फाटेल ही भीती मुलापेक्षा मोठी झाली की शाळेत ग्रंथालय उरत नाही, कोठार उरतं. काही शिक्षक आपल्या घरची पुस्तकं पिशवीत भरून वर्गात आणतात, वहीत नावं लिहून घेतात आणि वाटतात. वाचनाचा दिवस खरा तेच पाळतात.

एस. आर. रंगनाथन यांनी हे १९३१ मध्येच सांगून ठेवलं. १२ ऑगस्ट, त्यांचा जन्मदिवस, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. त्यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं पहिलंच सूत्र असं की पुस्तकं असतात ती वापरायला. ते पटवून देताना त्यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांचा दाखला दिला. तिथे पुस्तकं साखळीने बांधून ठेवत. हाताने लिहिलेली एकेक प्रत मिळणं मुश्कील होतं, तेव्हा ती साखळी समजण्यासारखी होती. आज दोन-तीनशे रुपयांत मिळणारं पुस्तक काचेआड कोंडायला आपल्याकडे कोणती सबब आहे?

आता तारखा घेऊ.

८ मार्चला गुलाब वाटतात. त्याऐवजी ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ द्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून १८८१ मध्ये वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांवर ताशेरे ओढले, त्याला बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये छापून दिलेलं हे उत्तर. पुस्तक छोटं आहे, एका बैठकीत होतं. बायकांना द्याच, पण आधी घरातल्या आणि हापिसातल्या पुरुषांना द्या. उत्तर त्यांच्यासाठी लिहिलेलं आहे.

१४ एप्रिलला चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांत सगळे असतात. त्यांतल्या किती घरांत दया पवारांचं ‘बलुतं’ वाचलं गेलंय? १९७८ चं पुस्तक आहे. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ किती जणांच्या हाती पडलंय? तुमच्याकडे ही पुस्तकं असतील, तर ज्या घरात एकही दलित आत्मकथन पोचलेलं नाही अशा घरी ती घेऊन जा. हार दुपारपर्यंत सुकतो.

१ ऑगस्टला एकाच चौकात दोन फलक लागतात. एकावर टिळक, दुसऱ्यावर अण्णाभाऊ साठे. १९२० च्या १ ऑगस्टला मुंबईत टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ जन्मले. एकाने मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं. दुसऱ्याने शाळेची जेमतेम तोंडओळख झालेली असताना ‘फकिरा’ लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. फलक लावणारे सहसा वेगवेगळे असतात. पुस्तकं देणाऱ्याने तो भेद मोडावा. टिळकांचा फलक लावणाऱ्याला ‘फकिरा’ द्यावी, अण्णाभाऊंचा लावणाऱ्याला ‘गीतारहस्य’. वाचून दोघांनी भांडलं तरी चालेल, वाचून भांडावं एवढंच.

५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह. ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला डॉ. सालिम अलींचा. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांचं ‘पक्षी जाय दिगंतरा’ किंवा ‘रानवाटा’ घरात असेल तर या आठवड्यात ते इमारतीतल्या एखाद्या मुलाच्या हाती ठेवा. दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागेच हे दिवस येतात, मुलाला वेळही असतो.

हे करायला संस्था लागत नाही, देणगी लागत नाही. दिनदर्शिकेच्या चौकोनात आपण दूध लिहितो, गॅस लिहितो, कामवाल्या बाईंचे खाडे लिहितो. त्याच चौकोनात पुस्तकाचं नाव आणि ते कुणाला दिलं हे लिहा. परत घ्यायची तारीखही तिथेच ठरवा. १४ एप्रिलला दिलेलं १ ऑगस्टला मागायचं आणि त्याच हाती दुसरं ठेवायचं. देताना हेच पुस्तक का दिलं ते चार वाक्यांत सांगा. नुसतं दिलेलं पुस्तक टेबलावर पडून राहतं. सांगून दिलेलं उघडलं जायची शक्यता अधिक.

‘पुस्तकं परत येत नाहीत’ ही तक्रार मला मान्य आहे. लेखकाची सही असलेली प्रत देऊ नका, दुर्मीळ प्रत देऊ नका. बाकीची द्या. त्यांतली काही जातील. गेलेलं पुस्तक कुणीतरी वाचण्याची आशा तरी असते, कपाटातलं वाळवी नक्की वाचते.

आणि या तारखा कपाट रिकामं करायला वापरू नका. मागच्या अभ्यासक्रमाची गाइडं आणि कव्हरं फाटलेले अंक गावच्या वाचनालयाच्या दारात टाकून त्याला ग्रंथदान म्हणणं हा त्या वाचनालयाचा अपमान आहे. रद्दी रद्दीवाल्याला द्यावी. जे पुस्तक देताना जरा जिवावर येतं, तेच द्यायचं.

तेव्हा एवढं करा. दिनदर्शिका उघडा, सगळ्यात जवळची तारीख शोधा, आणि त्या दिवशी कोणतं पुस्तक कुणाला देणार ते आजच लिहून ठेवा.