फक्त पाच मिनिटं

नववर्षाचे संकल्प आता सौम्य करायचे असतात. आम्हा हुमनाबादकरांना हे जरा उशिरा कळलं. पुण्याच्या रात्रीच्या बसनं येऊन पहाटे हायवेवर उतरलेल्या भाच्यानं ही बातमी आणली. “मामा, पहाटे चारला उठीन, साखर सोडीन, असलं आता कुणी करत नाही. स्वतःशी प्रेमानं वागायचं. रोज फक्त पाच मिनिटं चालायचं, पाच मिनिटं वाचायचं आणि पाच मिनिटं सरत्या वर्षाचे आभार मानायचे. नाही जमलं तर स्वतःला माफ करून टाकायचं.” हे शिकवायला त्यांच्या कंपनीत पैसे मोजून एक बाई बोलावतात म्हणे.

पैसे वाया गेले. ती बाई इकडची असणार, किंवा इकडच्या एखाद्या कचेरीत तिनं उमेदवारी तरी केलेली असणार. आमचा अख्खा मुलूख पाच मिनिटांवरच तर चालतो. स्टँडवर बस पाच मिनिटांत लागते. लाइनमन पाच मिनिटांत खांबावर चढतो, करंट पाच मिनिटांत येतो. आणि साहेब? साहेब तर कायमचेच पाच मिनिटांवर असतात. जमिनीच्या मोजणीचा अर्ज घेऊन जाल तर खुर्ची रिकामी, पण पाठीवर टॉवेल. पांढरा, कडेला हिरवी पट्टी, नीट चौघडी. टॉवेल आहे म्हणजे साहेब आहेत, असं शिपाई सांगतो. मीही टॉवेलकडे बघत बसतो. तो धुतलेला असतो, म्हणजे तो घरी जातो, वाळतो, घडी होऊन परत वेळेवर कामावर येतो. त्या कचेरीत वक्तशीर असा तोच. उद्या सह्यांचे अधिकार टॉवेलला दिले तर तालुक्यातली निम्मी प्रकरणं महिन्यात निकाली निघतील, आणि बढतीही आधी त्यालाच द्यावी लागेल. तसं वेळेच्या मागं राहणं आम्हाला नवं नाही. निजामी राजवटीत इथं फसली सन चालायचा, इसवी सनाच्या साधारण 590 वर्षं मागं. देश 1947 संपवत होता तेव्हा आम्ही 1357 मध्ये होतो. पुढं राजवट गेली, 1956 ला राज्यं बदलली, कागदांची भाषा बदलली, कॅलेंडरही बदललं. कचेरीतल्या भिंतीवरच्या घड्याळाला मात्र हे कुणी कळवलेलं दिसत नाही.

भाचा म्हणाला, “मामा, हसू नका. थोडं थोडं केलं की मोठं होतं.” मग मी कागद-पेन्सिल घेतली. माणूस पाच मिनिटांत रमतगमत चारशे मीटर जातो. आमच्या बीदर-कलबुर्गी रेल्वेला मंजुरी मिळाली 1990 च्या दशकात आणि सबंध मार्गावर गाडी धावली 2017 च्या ऑक्टोबरात. अंतर 110 किलोमीटर, वर्षं सुमारे वीस. म्हणजे वर्षाला साडेपाच किलोमीटर, रोजचे पंधरा मीटर. भाच्यासारखा माणूस बीदरहून निघून, रोज पाच मिनिटं चालून उरलेला दिवस स्वतःला माफ करत बसला असता, तरी नऊ-दहा महिन्यांत कलबुर्गीला टेकला असता. वाटेत हुमनाबादला आमच्याकडं चहाही झाला असता. सौम्य संकल्प म्हणतात तो हा, आणि त्यात सातत्य किती!

खाण्याच्या संकल्पाबद्दल बोलायला नको. डिसेंबर-जानेवारीत येळवस, म्हणजे येळ अमावस्या, येते. शेतात कडब्याच्या खोपीपुढं बसून भज्जी, उंडे आणि आंबील हाणायची. पाठोपाठ हुरडा, संक्रांत, वीरभद्राची जत्रा. इथं पोटाशी प्रेमानं वागायला कंपनीची बाई लागत नाही.

तर राहिले सरत्या वर्षाचे आभार. भाच्यानं डायरी पुढं केली. खताच्या दुकानातून फुकट मिळालेली. गेल्या वर्षीच्या अशाच डायरीत दुधाचा हिशेब आहे. काय लिहू? पाऊस नको तेव्हा पडला, त्याचे आभार? बँकेच्या माणसाचे मानू? तो हप्त्याच्या तारखेला उजाडायच्या आत दारात असतो, पाच मिनिटं काही त्याच्या वाट्याला आलेली नाहीत. ज्यांनी आमचं काम करायचं ते सगळे स्वतःशी प्रेमानं वागणार, स्वतःला माफ करणार, जमेल तसं करणार. आणि ज्यानं द्यायचं, भरायचं, रांगेत उभं राहायचं, त्यानं मात्र तारखेला, तासाला, दाण्याला चोख राहायचं! वा रे सौम्यपणा! व्याजाला कुणी म्हणालंय का कधी, बाबा रे, नाही वाढलास एखाद्या महिन्यात तरी चालेल, स्वतःला त्रास करून घेऊ नकोस?

गेल्या हंगामात तूर घेऊन काट्यावर गेलो होतो. ओल बारा टक्क्यांच्या वर असली की माल परत. पोऱ्यानं पोत्यातून मूठभर तूर काढून यंत्रात ओतली, आकडा आला तेरा. म्हटलं, बारदान पसरून जरा ऊन दाखवतो, पाच मिनिटं थांबा.

“पाच मिनिटं?” तो उठलाच. “काका, टायमाला काही किंमत आहे का नाही?”